चित्र विकलं, मग छापायचा हक्कही गेला का?

प्रश्न : माझे सासरे कोलार गोल्ड फील्ड्सच्या सोन्याच्या खाणीत ड्राफ्ट्समन होते. २००९ साली ते गेले. सुट्टीच्या दिवशी त्यांनी काढलेल्या खाणीच्या पेन-चित्रांचे प्रिंट मी पाचपाखाडीतून विकते. एक मूळ चित्र ठाण्यातल्याच एका इंटीरियर डेकोरेटरला दिलं. त्याने त्याची कॅलेंडरं छापली आणि वर मलाच नोटीस पाठवली : ‘चित्र मी विकत घेतलंय, तुम्ही प्रिंट बंद करा.’ सासऱ्यांच्या पेटीत खाणीचे शिक्का असलेले नकाशे आणि १८९०च्या सुमाराचं एक लिथोग्राफही (दगडी छाप्यावरून काढलेलं चित्र) आहे. ते मेलबर्नचं एक गिऱ्हाईक मागतंय. नणंद बंगळुरूला असते, तिला अजून काही विचारलेलं नाही.

उत्तर : ताई, नोटिशीला घाबरू नका. तुम्ही पाठवलेल्या पावतीवर ‘चित्र एक, फ्रेमसह, रु. १५,०००’ एवढंच आहे. कॉपीराइट दुसऱ्याच्या नावे करायचा तर कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १९ प्रमाणे सहीचा लेखी दस्त लागतो. या गृहस्थांनी फक्त चित्राचा कागद विकत घेतला. तो भिंतीवर लावावा, हवं तर पुढे विकावा. (दहा हजारांहून जास्त किमतीला विकला, तर कलम ५३ए खाली वारसांना त्यातला वाटा मागता येतो.) प्रती काढायचा हक्क मात्र सासऱ्यांच्या वारसांकडेच आहे आणि तो ३१ डिसेंबर २०६९पर्यंत राहील.

कॅलेंडरच्या फोटोत हेडगियरखालची (खाणीच्या तोंडावरच्या पाळण्याच्या मनोऱ्याखालची), उजव्या कोपऱ्यातली सासऱ्यांची सही कापलेली दिसते. मला सगळ्यात जास्त हेच खटकलं. चित्राला चित्रकाराचं नाव असावं, हा कलम ५७चा स्वतंत्र हक्क आहे आणि तो वारसांना बजावता येतो. नोटिशीच्या उत्तरात हा मुद्दा ठासून मांडा.

पण वारस कोण? तुम्ही नव्हे. मृत्युपत्र नसेल तर तुमचे पती, नणंद आणि त्या वेळी सासूबाई हयात असतील तर त्या, सगळे सारखे वाटेकरी. नणंदेच्या संमतीशिवाय तुमची विक्रीही कच्च्या पायावर आहे. तिला आजच फोन करा, हिशेब मोकळेपणाने सांगा आणि सगळ्यांच्या सहीचं संमतिपत्र करून घ्या. उत्तर त्यानंतर, वारसांच्या नावाने जाऊ द्या.

शिक्क्याच्या नकाशांचे प्रिंट काढू नका. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. ही खाण १९५६ला म्हैसूर सरकारकडे, १९६२ला केंद्राकडे गेली, पुढे भारत गोल्ड माइन्स झाली आणि २८ फेब्रुवारी २००१ला बंद पडली. खाण बंद पडली म्हणून हक्क बुडत नाहीत. तिथल्या चँपियन रीफ या खाणीचं काम तीन किलोमीटरहून खोल गेलं होतं, तेव्हा असे नकाशे अभ्यासाच्या दृष्टीने मोलाचे आहेत. नीट जपा.

लिथोग्राफ कुरियरने मेलबर्नला मुळीच पाठवू नका. शंभर वर्षांहून जुनी कलाकृती १९७२च्या पुरावस्तू कायद्यात येते. खासगी व्यक्तीने ती परदेशी पाठवली तर किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं कैद आहे. ही वस्तू त्यात बसते की नाही, याचा निर्णय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या. त्यांचं मुंबई मंडळ शीवच्या किल्ल्यावर आहे. चित्रकाराला जाऊन साठ वर्षं उलटली असतील, तर गिऱ्हाइकाला प्रिंट खुशाल विका.

डेकोरेटरने धमक्या चालूच ठेवल्या तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली, आणि कॅलेंडरं थांबवायला कलम ६२ खाली, वारसांना ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जाता येतं. वारस ठाण्यात राहत असतील तर उत्तमच. नाहीतरी डेकोरेटर इथलाच आहे. उत्तरासोबत पावतीची झेरॉक्स आणि कॅलेंडरच्या पानाचा रंगीत फोटो जोडा. मूळ पावती कुणाच्याही हाती देऊ नका.