वाचकांचे प्रश्न : मोठं घर भाड्यानं देताना

प्रश्न : गुंतवणूक म्हणून पाच बेडरूमचं जुनं दुमजली घर घेतलं आहे. येणारं भाडं वर्षाला किमतीच्या 4 टक्के होतं. घर एका कुटुंबाला द्यावं, की खोल्या वेगवेगळ्या भाडेकरूंना द्याव्यात? खोल्यांचं भाडं मिळून दीडपट होतं.

उत्तर : आधी ते 4 टक्के नीट पाहू, कारण ते सगळे हातात पडत नाहीत. महिन्याचं भाडं 100 धरा, वर्षाचं 1,200 आणि घराची किंमत 30,000. भाडेकरू बदलताना एक महिना घर रिकामं राहिलं की 1,100 उरतात. दुरुस्तीसाठी दरवर्षी किमतीच्या 1 टक्का बाजूला काढावा, हा जुना ठोकताळा आहे. ते 300 झाले. घरपट्टी आणि विम्याचे 100 वजा केले की शिल्लक 700, म्हणजे 2.33 टक्के. कर्जाचं वर्षाचं व्याज याच्या वर जात असेल, तर फरक तुमच्या खिशातून जाणार. दरवर्षी घर रिकामं पडेलच असं नाही, पण पहिल्या वर्षाचा हिशेब असाच कडक मांडा. मोठ्या घराचं भाडं खोल्यांच्या प्रमाणात वाढत नाही. छप्पर, रंग आणि नळांचा खर्च मात्र वाढतो.

आता खोल्यांचा हिशेब. महिन्याला 150, वर्षाला 1,800. एकेकटे भाडेकरू लवकर बदलतात. प्रत्येक खोली वर्षात दीड महिना रिकामी धरली, तर 225 गेले. वीज, पाणी, इंटरनेट आणि सामायिक जागेची सफाई सहसा मालकाकडे येते. महिन्याला 20 म्हणजे वर्षाचे 240. वापर वाढल्यानं दुरुस्ती दीडपट, 450. घरपट्टी-विमा 100. उरले 785. पाच करार, पाच अनामत रकमा आणि एका स्वयंपाकघरावरून होणारी भांडणं सांभाळून वर्षाला 85 जास्त, म्हणजे एका महिन्याचं भाडंही नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी अशीच करा.

शिवाय एकमेकांशी नातं नसलेली माणसं एका घरात ठेवायला अनेक ठिकाणी वेगळी परवानगी लागते. विमा कंपनीला कळवलं नाही, तर नुकसानभरपाई अडू शकते. एकमेकांना जोडलेले धुराचे अलार्म आणि आतून किल्लीशिवाय उघडणारी कुलपंही हवीत. नवख्या मालकानं पहिली दोन वर्षं एकाच कुटुंबाला घर द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मित्रांच्या गटाला द्यायचंच असेल, तर सगळ्यांचा एकच करार करा आणि संपूर्ण भाड्याची जबाबदारी प्रत्येकावर राहील, असं त्यात लिहा. नाहीतर एक जण निघून गेला की त्याचा वाटा बुडतो.

प्रश्न : घर वर्षभर बंद होतं. भाडेकरू येण्याआधी काय तपासावं?

उत्तर : सुरुवात पाण्यापासून करा. बंद घरात न वापरलेल्या बाथरूमच्या जाळीखालचं पाणी आटतं. गटारातला वायू अडवणारं तेच असतं, म्हणून घरभर वास येतो आणि लोक उगाच पाइप फोडायला काढतात. प्रत्येक जाळीत बादलीभर पाणी ओता. बहुतेक वेळा वास तेवढ्यानंच जातो. नळांमध्ये साचलेल्या पाण्यात 20 ते 45 अंश सेल्सिअस तापमानाला लीजनेला नावाचे जंतू वाढतात आणि तुषारांवाटे फुप्फुसात जातात. सगळे नळ मोकळे वाहू द्या, शॉवरची जाळी काढून धुवा आणि गरम पाण्याच्या टाकीचं तापमान 60 अंशांवर ठेवा.

मग सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहून ठेवा. दोन तासांनी तो पुढे सरकला असेल, तर कुठेतरी गळती आहे. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला रबर बदला. शेवटी वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे शॉवर एकाच वेळी चालवा. मोठ्या घरात सकाळी हेच होणार असतं, आणि पहिली तक्रार वरच्या मजल्यावर धार बारीक येते हीच असते.

विजेचंही तसंच. 2 किलोवॉटचे तीन गिझर एकदम लागले की भार 6 किलोवॉट होतो. मंजूर भार आणि जुनी वायर तो पेलते का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. गळती-प्रवाह ओळखणारा 30 मिलिअँपिअरचा ब्रेकर नसेल तर बसवा. असेल तर टेस्टचं बटण दाबून तो पडतो का ते पाहा.

ओल दिसली तर रंग देऊन झाकू नका. बाहेरचे पन्हळ, गच्चीचे निचरे आणि खिडकीवरच्या फटी आधी दुरुस्त करा, भिंत पूर्ण सुकू द्या आणि मगच रंग द्या. ओल्या भिंतीवरचा रंग फुगून सुटतो.

एका खोलीत आपलं सामान ठेवून कुलूप लावण्याचा मोह टाळा. त्या खोलीतली गळती कुणालाच दिसत नाही आणि सामानासाठी तुमच्या फेऱ्या सुरू झाल्या की भाडेकरू वैतागतो.

प्रश्न : थोडं थांबलं तर 5 टक्के जास्त भाडं मिळेल. थांबावं का?

उत्तर : एक महिना रिकामा गेला, तर तो भरून काढायला उरलेल्या 11 महिन्यांत भाडं 9.1 टक्के जास्त हवं. 5 टक्क्यांसाठी दोन आठवडे थांबा, महिनाभर नको. भाडं कुटुंबाच्या मिळकतीच्या एक तृतीयांशाच्या आत आहे ना, ते पाहा. चौकशी आत्ताच्या घरमालकाकडे करून थांबू नका, त्याच्या आधीच्या मालकाला विचारा. आत्ताच्या मालकाला त्रासदायक भाडेकरू जायलाच हवा असू शकतो.

प्रश्न : अनामत रकमेतून काय कापता येतं?

उत्तर : वापरानं होणारी झीज नाही, फक्त नुकसान. आणि नुकसानीतही वस्तूचं वय धरायचं. रंगाचं आयुष्य 5 वर्षं मानलं आणि 3 वर्षांनी भिंत खराब करून भाडेकरू गेला, तर त्या भिंतीच्या खर्चाचा दोन पंचमांश भाग मागा, पूर्ण नाही. ताबा देतानाच प्रत्येक खोलीचे चारही कोपरे, छत, कपाटांच्या आतल्या बाजू आणि सिंकखालची जागा यांचे तारखेसह फोटो काढा. मीटरचे आकडे आणि किल्ल्यांची संख्या लिहून दोघांनी सही करा. अनामत वेगळ्या खात्यात ठेवा. दुरुस्तीला वापरलीत तर परत करायच्या दिवशी ती हाताशी नसेल.