वाचकांचे प्रश्न : रक्ताची हगवण आणि झाडपाला

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझी गिरिराजा जातीच्या कोंबडीची 300 पिल्लं आहेत, वय 24 दिवस. जमिनीवर भाताचं तूस अंथरलंय. चार दिवस पावसाची झड आहे. कालपासून विष्ठेत रक्त दिसतंय, पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गोळा होतात, नऊ दगावली. शेजारी सांगतात, कडुनिंब, हळद आणि लसणाचं पाणी पाजा. उतार पडेल का?

उत्तर : आज ते पाणी पाजू नका. लक्षणं रक्ती हगवणीची, म्हणजे कॉक्सिडिओसिसची आहेत. मेलेलं एक पिल्लू फाडून बघा. लहान आतडं संपतं तिथे दोन आंधळ्या पिशव्या असतात. त्या बोटासारख्या फुगून काळपट रक्ताने भरलेल्या दिसल्या, की शंका उरत नाही. फाडलेलं पिल्लू चुना घालून खोल पुरा.

रक्त दिसतं तेव्हा या रोगाचा जंतू आतड्याच्या पेशींत शिरून, वाढून, त्या फोडून बाहेर पडलेला असतो. या अवस्थेत पाल्याच्या भरवशावर राहिलात तर दोन दिवस हातचे जातील, आणि पिल्लं त्याच दोन दिवसांत मरतात. शिवाय कडुनिंबाचं पाणी कडू. आजारी पिल्लू दाणा सोडतं पण पाणी पितं, म्हणून औषध पाण्यातूनच जायला हवं. तेच पाणी कडू केलंत तर औषधही पोटात जाणार नाही.

अँप्रोलियम या औषधाची 20 टक्क्यांची पूड आणा. पाकिटावरचा टक्का वाचूनच वजन करा. 20 लिटर पाण्याला 24 ग्रॅम, रोज ताजं, पाच दिवस. त्यानंतर आठवडाभर 20 लिटरला 6 ग्रॅम. दुसरं पाणी शेडमध्ये ठेवू नका. या दिवसांत बी-कॉम्प्लेक्स बंद ठेवा, कारण अँप्रोलियम जंतूला बी-1 जीवनसत्त्व मिळू देत नाही आणि तुम्ही तेच वरून पुरवाल. व्हिटॅमिन के मात्र द्या, रक्तस्राव आवरायला मदत होते. दोन दिवसांत मर थांबली नाही, तर पशुवैद्यकाला विष्ठा आणि मेलेला पक्षी दाखवा.

खरं काम तुसात आहे. विष्ठेतून पडलेलं जंतूचं अंडं लगेच रोग देत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते तयार होतं. पाणभांड्याखालचं तूस मुठीत दाबा. गोळा होऊन तसाच राहिला तर ओल जास्त आहे. मूठ उघडताच भुगा व्हायला हवा. ओला भाग खोऱ्याने उचलून शेडपासून लांब टाका, तिथे कोरडं तूस घाला, बाकीचं रोज उलटा. भांड्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे सांडणार नाही. पावसाच्या भीतीने पडदे पूर्ण बंद करू नका. वरची फूटभर फट उघडी हवी. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. चुना ओल शोषतो, पण फार टाकलात तर तुसातून अमोनिया सुटून डोळे चुरचुरतात.

झाडपाल्याला जागा आहे, पण आधी आणि नंतर. खाद्यात 1 टक्का हळद, म्हणजे 100 किलोला 1 किलो, दिली असता लहान आतड्याच्या वरच्या आणि मधल्या भागात वाढणाऱ्या या जंतूच्या प्रकारांचा त्रास कमी झालेला चाचण्यांत दिसला आहे. तुमच्याकडचं रक्त मात्र आंधळ्या पिशव्यांतलं आहे. खानापूरच्या रानात कुडा मुबलक, आणि आमांशावर त्याची साल चालते म्हणून कोंबडीलाही देतात. पण तो गुण अमीबावरचा, हा जंतू वेगळा. पुढची बॅच आणताना खाद्याच्या पोत्यावर कॉक्सिडिओसिसविरोधी औषध मिसळल्याचा उल्लेख आहे का, ते आधी बघा.

प्रश्न : निपाणीजवळ परसात 20 कोंबड्या आहेत. विष्ठेत शेवईसारखे पांढरे जंत पडतात. तंबाखूची पूड देतात, ती किती द्यावी?

उत्तर : अजिबात नको. तंबाखूतलं निकोटिन जंताला सुस्त करतं हे खरं, पण जंताला लागणारा डोस आणि कोंबडीला मारणारा डोस यांत फार थोडं अंतर आहे. त्यात प्रत्येक पानात निकोटिन कमी-जास्त, त्यामुळे चिमटीचं मोजमाप फसतं.

शेवईसारखा लांब तो गोल जंत; त्यावर पिपरॅझिन हे जंतनाशक चालतं. मात्रा पक्ष्यांच्या वजनावर ठरते, म्हणून दोन-तीन कोंबड्या तोलून मगच पशुवैद्यकाला विचारा. जंताची जमिनीवरची अंडी आणि आतड्याला चिकटलेल्या अळ्या औषधातून सुटतात, तेव्हा तीन आठवड्यांनी पुन्हा द्या. तांदळाच्या दाण्यासारखे सपाट तुकडे दिसले तर तो पट्टकृमी. पिपरॅझिनचा त्यावर उपयोग नाही. तो मुंग्या आणि भुंगेऱ्यांतून येतो, म्हणून खुराड्याभोवतीचा उकिरडा हलवा.

पळसपापडीचा, म्हणजे पळसाच्या बियांचा, वापर गोल जंतावर जुना आहे. ती द्यायची तर पिपरॅझिन दिल्यावर, मधल्या काळात द्या, त्याच्या ऐवजी नाही. अंडी विकत असाल, तर औषध दिल्यापासून किती दिवसांची अंडी खाऊ नयेत ते पाकिटावर बघून तितके दिवस बाजूला काढा.