वाचकांचे प्रश्न : अवकाशातला कचरा आणि चंद्रावरची मालकी

प्रश्न : अवकाश एवढं अफाट आहे. मग निकामी उपग्रह तिथेच सोडून दिला, तर बिघडलं कुठे?

उत्तर : अवकाश अफाट असलं तरी कामाच्या कक्षा मोजक्याच आहेत, आणि गर्दी तिथेच होते. १० फेब्रुवारी २००९ रोजी रशियाचा बंद पडलेला ‘कॉसमॉस २२५१’ चालू असलेल्या ‘इरिडियम ३३’वर सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर आदळला. दोन हजारांहून अधिक मोठे तुकडे झाले. मेलेल्या उपग्रहाला बाजूला होता येत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

५०० किलोमीटरवर विरळ हवेचा रेटा उपग्रहाला काही वर्षांत खाली आणतो. ८०० किलोमीटरवर त्याला शंभराहून जास्त वर्षं लागू शकतात. म्हणून इंधन संपण्याआधीच कक्षेचा खालचा टोकबिंदू उतरवायचा, टाक्या रिकाम्या करायच्या आणि बॅटऱ्यांचं चार्जिंग तोडायचं. उरलेलं इंधन किंवा बॅटरी वर्षांनंतरही फुटू शकते.

सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेतून (जिथे उपग्रह जमिनीवरून एकाच जागी स्थिर दिसतो) उपग्रह खाली आणणं परवडत नाही. तिथून त्याला साधारण ३०० किलोमीटर वर ढकलतात. घोळ होतो तो इंधनाच्या हिशेबात. वजनरहित अवस्थेत टाकीतली पातळी थेट दिसत नाही. इंजिनं किती वेळ चालली, दाब किती उरला यावरून अंदाज बांधतात आणि वर्षागणिक चूक साचत जाते. अमेरिकेच्या ‘डिश’ कंपनीचा ‘एकोस्टार ७’ हा भूस्थिर उपग्रह ठरल्याप्रमाणे ३०० किलोमीटर चढायला हवा होता. इंधन कमी पडलं आणि तो १२२ किलोमीटरवरच थांबला. २०२३ मध्ये अमेरिकी नियामकाने कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. एवढा दंड फार तोकडा आहे. तेच इंधन वापरून वर्षभर जादा सेवा विकली तर त्याहून कितीतरी जास्त मिळतं, म्हणून शेवटच्या ढकलीचं इंधन परवाना देतानाच राखीव ठेवायला लावलं पाहिजे, अंदाजातल्या चुकीची भर घालून.

प्रश्न : चंद्रावरचं बर्फ खासगी कंपनी स्वतःचं म्हणू शकते का?

उत्तर : जमीन नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचं दुसरं कलम कोणत्याही देशाला तिथे मालकी सांगू देत नाही. उकरून काढलेल्या मालाबद्दल मात्र ते स्पष्ट बोलत नाही. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये कायदे करून ती मालकी मान्य केली. ध्रुवाजवळच्या कायम सावलीतल्या विवरांतलं बर्फ मोजकं आहे आणि त्यात सूर्यमालेचा जुना इतिहास साठलेला असू शकतो. यंत्राने एकदा ढवळलं की थरांचा क्रम गेला. सहाव्या कलमानुसार कंपन्यांना परवानगी देण्याची आणि त्यांच्यावर सतत देखरेख ठेवण्याची जबाबदारी देशाची आहे. त्याच परवान्यात ‘आधी थरवार नमुने, मग खोदकाम’ ही अट घालता येते.