सामूहिक वनहक्क मिळाला, पण बैठकीला लोक येत नाहीत आणि धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) रोपंही जगत नाहीत. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की गावाच्या जंगलावरच्या सामूहिक हक्काचा दावा मंजूर झाला, समिती बसली, पण बैठकीला तेच ते आठ-दहा जण येतात. आणि मागच्या पावसाळ्यात धुऱ्यांवर लावलेली बांबू-सागाची रोपं उन्हाळ्यापर्यंत टिकली नाहीत. मला वाटतं या दोन्ही दुखण्यांचं मूळ एकच आहे. मी पूर्व विदर्भात काही वर्षं ग्रामसभांसोबत काम केलंय आणि आम्हीही हेच करून बसलो होतो. आधी रोपं आणली, मग माणसं शोधत फिरलो.

रोपांचं आधी सांगतो. धान कापून झालं की गुरं मोकळी सुटतात आणि पाऊस येईपर्यंत सगळं शिवार सगळ्यांचं असतं. अशात एकट्याने बाभळीचे काटे लावून रोप झाकलं तरी कुठली तरी शेळी मान घालतेच. त्यात धुरा दोघांचा. तुमच्या उत्तरेकडच्या धुऱ्यावर झाड वाढलं की हिवाळ्यात त्याची सावली शेजाऱ्याच्या बांधीत (धानाच्या खाचरात) पडते, म्हणजे लाकूड तुमचं आणि पिकाचं नुकसान त्याचं. मग रोप 'आपोआप' वाळतं! शेतातलं झाड ज्याचं त्याचं, असं आपण म्हणतो खरं, पण गावाच्या होकाराशिवाय ते जगत नाही.

आमचा प्रश्न सुटला तो गुरं राखणाऱ्या गायक्यामुळे. त्याला आम्ही तोवर एकाही बैठकीला बोलावलं नव्हतं. तो म्हणाला, "पूर्ण बंदी कराल तर गुरं नेऊ कुठं? अर्धं शिवार बंद ठेवा, अर्धं मला द्या." बांबूला जनावरांपासून जपावं लागतं ते पहिली दोन-तीन वर्षं. तेवढा काळ नाल्याच्या एका अंगाचं शिवार बंद ठेवायचं, मग दुसऱ्या अंगाचं, असं ठरलं. गायक्याचा मेहनताना घरटी थोडा वाढवला. सगळी रोपं जगली असं म्हणणार नाही, पण बंद बाजूची बरीच जगली.

जंगलाच्या बाबतीत आमची चूक याहून मोठी होती. दहा-बारा पुरुषांनी बसून कुऱ्हाडबंदी ठरवली. मागे बसलेल्या बाया काही बोलल्या नाहीत आणि आम्ही त्याला संमती समजलो. पंधरा दिवसांत शेजारच्या गावाने आमच्या सहा जणींना मोळ्यांसकट अडवलं. चूल तर रोज पेटणारच होती. आपलं जंगल बंद झाल्यावर त्या दुसऱ्याच्या जंगलात गेल्या, एवढंच. मग बायांचीच वेगळी बैठक घेतली, तीही रात्री जेवणं उरकल्यावर. वाळलेलं लाकूड आठवड्यातून ठरलेल्या दिवशी आणायचं आणि ओल्या झाडाला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी केला. धुऱ्यावर साग नको, गिरिपुष्प लावा, हेही त्याच म्हणाल्या. त्याच्या फांद्या वर्षभर सरपणाला होतात, पाला बांधीत चिखलणीच्या वेळी खत म्हणून गाडता येतो आणि गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत. वनशेती म्हणजे साग आणि बांबू, हे आमच्या डोक्यातलं समीकरण तिथे मोडलं.

वणव्याचंही असंच आहे. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली जाऊन बघा. खाली पाचोळ्याचा थर असतो आणि त्यात फुलं शोधत बसावं लागतं, म्हणून आदल्या दिवशी लोक पाचोळा पेटवून झाडाखालची जागा मोकळी करतात. तीच आग पुढे सरकते. "वणवा लावू नका" असे फलक लावून काही होत नाही. कोणतं झाड कोणत्या घराचं, हे गावाला पाठ असतं. ज्याचं झाड त्याने खराट्याने झाडून घ्यायचं, आणि आग लागलीच तर विझवायला प्रत्येक घरातून एक माणूस, एवढा साधा नियम जास्त चालतो.

आता बैठकीबद्दल. वनहक्क नियमांत 2012 साली दुरुस्ती झाली. त्यानुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. तेव्हा आठ-दहा जणांनी जे ठरवलं तो ग्रामसभेचा ठराव नव्हेच. लोक का येत नाहीत, तर बैठकीत ठरण्यासारखं काही नसतं आणि ठरलेलं आधीच कुणीतरी लिहून आणलेलं असतं. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टरवर हक्क मिळाला आणि 2011 पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पण तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट होता आणि बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय घ्यायची सवय होती. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने तर तेंदूपत्ता तोडणंच थांबवलं. त्यासाठी झाडं छाटली जातात आणि आगी लागतात, हे त्यांचं कारण. हातचा पैसा सोडायचा निर्णय वरून लादता आला नसता. तो त्यांचा होता, म्हणून पाळला गेला.

म्हणून यंदा लागवडीचा कार्यक्रम ठेवू नका. एकच वस्तू घ्या, बांबू किंवा मोह. किती काढायचं, कोणी काढायचं, दर काय, एवढंच ठरवा. बांबूचे त्या वर्षीचे कोंब तोडायचे नाहीत आणि पावसाळ्यात कापणी नाही, हे गावातले म्हातारे तुमच्यापेक्षा चांगलं सांगतील. हा माल गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार तुमच्याच समितीला आहे, त्याचं पुस्तक छापून घ्या. आणि पैसे आले की पावत्यांसकट हिशोब चौकात मोठ्याने वाचा. आमच्याकडे पहिल्यांदा गर्दी झाली ती हिशोब वाचायच्या दिवशी, भांडायला का होईना.

जाता जाता एक कामाचं. धुऱ्यावर कोणाला सागच लावायचा असेल तर त्याची नोंद सातबाऱ्यावर आत्ताच करून घ्यायला सांगा, नाहीतर तोडीची परवानगी मागताना पंचाईत होते. शेतातल्या बांबूची मात्र 2017 च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन कायद्यात 'झाड' म्हणून गणना होत नाही.