लैंगिक अत्याचाराबद्दल कुणाला सांगितल्यावर समोरचा कसा वागला, हे मोजता येतं का?

तुम्ही हे एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या प्रबंधासाठी विचारलंय, म्हणून आधी नाव सांगते: सोशल रिअ‍ॅक्शन्स क्वेश्चनेअर. शिकागोतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सारा उलमन यांनी २००० साली ही प्रश्नावली मांडली. ४८ विधानं, प्रत्येकाला ० ते ४ गुण, म्हणजे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत. भरते ती अत्याचार सोसलेली व्यक्ती. जिला सांगितलं तिला कुणी विचारत नाही. 'मग हे एकतर्फी नाही का?' असं मलाही आधी वाटलं होतं. पण समोरच्याचा हेतू इथे मोजायचाच नाहीये. हिच्यापर्यंत काय पोचलं, तेवढंच मोजायचंय.

विधानांचे सात गट पडतात. विश्वास ठेवून धीर देणं आणि प्रत्यक्ष मदत करणं हे दोन चांगले. 'एवढ्या उशिरा गेलीसच कशाला' हा दोष आणि नंतर वेगळं वागवणं, हे दोन कुणालाही ओळखता येतात. मी समुपदेशनाचं काम करते आणि मला अडकवून ठेवलं ते उरलेल्या तिघांनी, कारण आपल्याकडे ते मायेनंच होतं. 'झालं गेलं विसर, अभ्यासात लक्ष घाल' हे लक्ष वळवणं. 'तू काही बोलू नकोस, काय करायचं ते आम्ही बघतो' म्हणजे निर्णय तिच्या हातातून काढून घेणं. आणि भाऊ 'त्याला जिवंत सोडत नाही' म्हणून थयथयाट करतो, तेव्हा ही स्वतःचं रडू गिळून त्यालाच पाणी देत बसते. हा सातवा गट, आत्मकेंद्री प्रतिक्रियांचा.

वाईट प्रतिक्रिया आणि आघातानंतरची लक्षणं यांचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. चांगल्या प्रतिक्रियांचा मात्र बराच क्षीण. म्हणजे धीराचे दहा शब्द एका टोमण्याची भरपाई करतीलच असं नाही. पण सगळ्या वाईट प्रतिक्रियांची एकच बेरीज मारू नका. २०१५ मध्ये रेल्या आणि उलमन यांनी त्यांचे दोन प्रकार दाखवले: थेट उलटणं, आणि घडलं हे मान्य करूनही आधार न देणं. १६ विधानांची छोटी आवृत्तीही आहे, प्रबंधाला ती सोयीची पडेल.

मराठीत आणताना खरी अडचण वेगळीच येते. 'ही गोष्ट गुप्त ठेव असं सांगितलं' हे विधान मूळ प्रश्नावलीत लक्ष वळवण्याच्या गटात आहे. आपल्याकडे आई 'शेजारी कळू देऊ नकोस, उद्या लग्न जमायचंय' म्हणते, त्यात लक्ष वळवणं कुठे आलं? माझ्या मते ते कलंकाच्या, वेगळं वागवण्याच्या जवळचं आहे. म्हणून नुसतं भाषांतर आणि उलट भाषांतर (मराठीतून परत इंग्रजीत नेऊन ताडून पाहणं) करून थांबू नका; गट मराठी नमुन्यावर पुन्हा तपासा. चारपाच जणींना विधानं मोठ्यानं वाचून दाखवली तरी निम्म्या चुका तिथेच कळतील.

१८ वर्षांखालच्या मुली घेणार असाल, तर पोक्सो कायद्याचं, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांविरोधातल्या कायद्याचं, १९वं कलम आधी वाचा. गुन्हा कळल्यावर पोलिसांना सांगणं बंधनकारक आहे, आणि हे मुलीला फॉर्म हातात देण्याआधी सांगायला हवं, नंतर नव्हे.

आणि कृपा करून फॉर्म व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. रात्री एक वाजता, एकटीनं, पांघरुणात मोबाइल धरून कुणी तो भरत असेल. समोर बसवून भरून घ्या, आणि शेवटच्या विधानानंतर लगेच कागद गोळा करायला उठू नका.