सुनेच्या माहेरचं कोडं

प्रश्न : आमची सून एडिंबरोची. तिच्या खापरपणजोबांचे वडील पुस्तकांची बांधणी करायचे. १८५१च्या जनगणनेत ते सापडले. १८६१ला त्या घरात भलतंच कुटुंब. ‘जुन्या पोस्ट ऑफिस डिरेक्टऱ्या बघा’ असं कुणीतरी सुचवलं. त्यातून काय कळणार?

उत्तर : तुमचं कोडं नेमकं दोन जनगणनांच्या फटीत अडकलंय, आणि एडिंबरोची डिरेक्टरी, म्हणजे शहरातल्या लोकांची नावं, धंदे आणि पत्ते यांची छापील यादी, त्या काळी दरवर्षी निघायची. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने १७७३ ते १९११ या काळातल्या सातशेहून अधिक डिरेक्टऱ्या वेबसाइटवर फुकट ठेवल्यात. (१७७३ची ती पहिली काढणारा पीटर विल्यमसन हा एक वल्लीच. लहानपणी पळवून अमेरिकेत विकलेला. परतल्यावर एडिंबरोत कॉफीहाउस काढलं, वर स्वतःची टपालसेवाही चालवली!)

१८५१-५२च्या खंडापासून एकेक वर्ष पुढे सरका. वर्षं अशी जोडून असतात, कारण तिकडे भाडेकरू मे महिन्याच्या अखेरीस बिऱ्हाड हलवत आणि यादीचं वर्षही तिथून सुरू होई. आडनावाखाली धंदा, दुकानाचा पत्ता आणि घर वेगळं असेल तर तेही मिळतं.

शोधखिडकीच्या भरवशावर मात्र राहू नका. माझ्या जावयाच्या घराण्याचं आडनाव ‘मॅक’ने सुरू होतं. तीन रात्री टाइप करत बसलो, हाती शून्य. शेवटी पानंच उघडली, तर छापणाऱ्याने ‘मॅक’ पूर्ण न लिहिता नुसतं ‘एम’ अक्षर आणि वर उलटा स्वल्पविराम ठोकलेला. असे ‘एम’वाले रांगेने उभे, आणि त्यांच्यात आमचे व्याही!

नावाने नाहीच मिळालं, तर रस्त्यांच्या विभागात जुना पत्ता काढा आणि कोणत्या वर्षी तिथे दुसऱ्याचं नाव आलं ते टिपा. बुकबाइंडरांची यादी व्यवसायांच्या विभागात सापडेल. एखाद्या वर्षी त्यांच्याऐवजी त्याच आडनावाची ‘मिसेस’ दिसली, तर ते वारले असावेत. १८५५पासून स्कॉटलंडमध्ये मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली, ती ‘स्कॉटलंड्स पीपल’ या सरकारी वेबसाइटवर तपासा. प्रतीचे पैसे पडतात.

त्याआधी सुनेला एक विचारा : दुकान त्यांचं स्वतःचं होतं, की दुसऱ्याकडे कामाला होते? पगारी कारागीर आणि एका खोलीत राहणारी गरीब कुटुंबं या याद्यांत सहसा नसतच. तसं असेल, तर नाव न दिसण्यावरून ते गाव सोडून गेले असं धरू नका.