चिनी बास्केटबॉलपटू याओ मिंग अमेरिकन प्रेक्षकांना इतका का आवडला? फक्त उंचीमुळे?

उंची हे कारण आहेच. ७ फूट ६ इंचांचा माणूस कुठेही लपत नाही. पण उंच खेळाडू एनबीएत (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) आधीही होते. लोकांना भावला तो त्याचा स्वभाव.

२००२ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्याच क्रमांकावर निवडलं. शांघायहून आला तेव्हा इंग्रजी जेमतेम, सोबत दुभाषी कॉलिन पाइन, घरी आईवडील (दोघेही जुने बास्केटबॉलपटू). पहिल्या सामन्यात शून्य गुण! माजी खेळाडू आणि टीव्ही समालोचक चार्ल्स बार्कलीने तर टीव्हीवर पैज लावली होती, की हा एका सामन्यात १९ गुण काढूच शकत नाही. थोड्याच दिवसांत लेकर्स संघाविरुद्ध याओने २० काढले, नऊपैकी नऊ फटके आत. बार्कलीला कॅमेऱ्यासमोर गाढवाच्या ढुंगणाचा मुका घ्यावा लागला.

माझ्या मते खरी कसोटी होती ती शॅकची, म्हणजे लेकर्सचा धिप्पाड स्टार शॅकिल ओनीलची. त्याने चिनी बोलण्याची टर उडवली, त्यावर बराच गदारोळ झाला. याओने मात्र चिनी भाषा शिकायला अवघडच आहे, असं म्हणून विषय हसण्यावारी नेला. मग जानेवारी २००३ मध्ये दोघे समोरासमोर आले आणि त्याने शॅकचे सुरुवातीचे तीन फटके अडवले. त्याच मोसमात ऑल-स्टार या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी चाहत्यांनी शॅकपेक्षा जास्त मतं याओला दिली. चीनमधूनही भरपूर मतं पडली हे खरं, पण ह्यूस्टनकरांचं प्रेम काही त्या मतांवर अवलंबून नव्हतं.

पुढे पायाच्या दुखापतींनी गाठलं आणि २०११ मध्ये निवृत्ती. २०१६ मध्ये बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (महान खेळाडूंच्या सन्मानयादीत) गेला, तोही शॅकसोबतच.